सर्व्हरचे झाकण उघडताना

सहकारी बँकेची शाखा असो, तालुक्याच्या गावचे इंजिनिअरिंग कॉलेज असो की एखादे मध्यम आकाराचे रुग्णालय, मागच्या बाजूच्या थंड खोलीत लोखंडी रॅक उभा असतो आणि त्यात एक-दोन सर्व्हर घोंघावत असतात. ते वर्षानुवर्षे निमूट चालतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी पुढच्या पट्टीवर पिवळा दिवा लुकलुकू लागतो. वॉरंटी संपलेली असते, दुरुस्तीचा माणूस परगावाहून यायचा असतो आणि संगणक विभागातल्या कोणाला तरी स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा लागतो. हा लेख त्या माणसासाठी आहे.

बोलणे मोघम होऊ नये म्हणून एकच यंत्र डोळ्यांपुढे ठेवू: डेलचा पॉवरएज आर७४०. २०१७ साली बाजारात आलेला हा सर्व्हर आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी चालू आहे. उंची २ यू, म्हणजे साडेतीन इंच. रॅकमधल्या एका ‘यू’ची उंची पावणेदोन इंच आणि रॅकची रुंदी १९ इंच, हे माप जगभर एकच आहे. आत दोन प्रोसेसर, रॅमसाठी २४ खाचा, सहा पंखे, मागे दोन पॉवर सप्लाय. एचपीई किंवा लेनोवोचा त्याच पिढीतला सर्व्हर उघडलात तरी मांडणी फार निराळी दिसणार नाही.

घरचे संगणक दुरुस्त केलेल्यांनाही सर्व्हरची धास्ती वाटते. खरे तर डेस्कटॉपपेक्षा सर्व्हर उघडणे सोपे असते, कारण तो उघडला जाणार हे धरूनच त्याची रचना केलेली असते. बहुतेक भाग नुसता खटका दाबून सुटतात. झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या भागांचा नकाशा चिकटवलेला असतो. शिवाय खटक्यांचे रंग बोलतात. डेल आणि लेनोवोच्या सर्व्हरमध्ये विटकरी-नारिंगी खटका दिसला, तर तो भाग यंत्र चालू असतानाही काढता येतो. एचपीई त्याच अर्थाने मरून रंग वापरते. निळा रंग सांगतो की इथे धरा, इथे दाबा. पण त्या भागासाठी यंत्र आधी बंद करायचे असते. ढोबळ हिशेब असा: डिस्क, पॉवर सप्लाय आणि पंखे चालू यंत्रातून निघतात; रॅम, प्रोसेसर, कार्डे आणि बॅटरी यांना वीज तोडल्याशिवाय हात लावायचा नाही. आपल्या मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती आधी वाचावी, उघडे यंत्र समोर ठेवून नव्हे.

इतकी सोय असूनही सर्व्हर बिघडवले जातात. स्क्रू चुकीचा फिरवल्याने क्वचित, चांगला भाग वाईट समजून उपटल्याने जास्त. म्हणून पहिले काम ओळख पटवण्याचे.

सर्व्हरच्या आत मुख्य यंत्रापासून स्वतंत्र असा एक छोटा संगणक असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. विजेची वायर जोडलेली आहे तोवर तो जागा राहतो, मुख्य यंत्र बंद असले तरी. काय बिघडले, कधी बिघडले आणि नेमके कुठे, हे त्याच्या नोंदींत लिहिलेले असते: रॅमची कोणती खाच, कोणता पंखा, कोणत्या खणातली डिस्क. त्या नोंदींचा फोटो काढून ठेवा. मग आयड्रॅकमधूनच ओळखदिवा लावा. यंत्राच्या पुढे आणि मागे निळा दिवा लुकलुकू लागतो. रॅकच्या मागच्या बाजूला गेल्यावर सगळे सर्व्हर सारखेच दिसतात आणि शेजारच्या निरोगी सर्व्हरची वायर ओढली जाते. हा दिवा ती चूक टाळतो.

त्याच बैठकीत बॅकअपची खात्री करून घ्या. बॅकअप ‘घेतला जातो’ हे उत्तर पुरेसे नाही. त्यातली एखादी फाइल दुसऱ्या यंत्रावर परत उघडून पाहिली, तरच तो आहे असे म्हणायचे.

सर्वांत जास्त वेळा बदलावी लागते ती डिस्क, आणि माहिती बुडण्याचे प्रसंगही तिथेच जास्त येतात. सर्व्हरमधल्या डिस्क सहसा ‘रेड’ पद्धतीने एकत्र बांधलेल्या असतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली ही कल्पना निबंधातून मांडली: एकच महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क अशा जोडायच्या की एखादी मेली तरी माहिती शाबूत राहावी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसते ते रेड ५. त्यात कमीत कमी तीन डिस्क लागतात आणि एक गेलेली चालते. फक्त एक. ती गेली की उरलेल्यांतली प्रत्येक डिस्क एकटीच्या जिवावर सगळा डोलारा सांभाळत असते. अशा वेळी चुकून दुसरी, धडधाकट डिस्क ओढलीत तर सर्व्हर जागीच बसतो.

ही चूक होते कशी? एक कारण मोजणीचे. खणांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून नोंदीत ‘डिस्क ३’ लिहिले असेल तर ती मोजायला चौथी असते. दुसरे कारण लिनक्सच्या नावांचे. एसडीए, एसडीबी ही नावे कायमची नसतात. यंत्र पुन्हा सुरू झाले की ती बदलू शकतात. त्यांच्या भरवशावर खण ठरवू नये. डिस्कचा सिरियल नंबर मात्र बदलत नाही. सगळे सिरियल नंबर आणि त्यांचे खण यांची यादी सर्व्हर ठणठणीत असतानाच करून रॅकच्या दाराला आतून चिकटवलेली बरी.

दिव्यांची मदत घ्या. आर७४० मध्ये बिघडलेल्या डिस्कचा दिवा सेकंदाला चार वेळा पिवळा लुकलुकतो. रेड कार्डाच्या मेनूतून एखादी डिस्क ‘ओळखायला’ सांगितली, तर तिचा दिवा सेकंदाला दोनदा हिरवा लुकलुकतो. डिस्क इतकी मेलेली असेल की दिवाही लागत नाही, तर उलटे करा: चांगल्या डिस्कचे दिवे एकेक करून लुकलुकवा, जिचा लागला नाही ती आपली. आणि दुसऱ्या माणसाला शेजारी उभे करून खणाचा क्रमांक मोठ्याने म्हणा. सांगायला संकोच वाटतो, पण यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

कधी डिस्क मेलेली नसते, लवकरच मरेल असा इशारा आलेला असतो. ती अजून कामात असते, म्हणून आधी मेनूतून तिला ऑफलाइन करायचे, मग काढायचे. काढताना पुढचे बटण दाबले की हँडल उघडते. डिस्क इंचभर बाहेर ओढा आणि थांबा. आतल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० किंवा १०,००० फेऱ्यांच्या वेगात असतात. वीज तुटल्यावर त्या थांबायला अर्धे मिनिट द्या, मग खाली दुसरा हात धरून पूर्ण बाहेर काढा. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तिथे ही वाट पाहावी लागत नाही.

नवी डिस्क त्याच जातीची हवी: सॅसच्या जागी सॅस, साटाच्या जागी साटा, एसएसडीच्या जागी एसएसडी. क्षमता तितकीच किंवा जास्त. किंचितही कमी चालत नाही. जुन्या डिस्कची चौकट चार स्क्रू काढून नवीला बसवायची, खणात सरकवायची आणि हँडल मिटू लागेपर्यंत दाबून ते बंद करायचे. पुनर्बांधणी सहसा आपोआप सुरू होते आणि दिवा सावकाश हिरवा लुकलुकू लागतो. वापरलेली डिस्क आणली असेल तर तिच्यावर आधीच्या मालकाच्या रेडच्या खुणा असू शकतात. मग पुनर्बांधणी सुरू होत नाही आणि मेनूत त्या एका डिस्कवरच्या खुणा पुसाव्या लागतात. मोठ्या फिरत्या डिस्कच्या पुनर्बांधणीला अनेक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. तेवढा वेळ बाकीच्या जुन्या डिस्क अखंड वाचल्या जात असतात, आणि दुसरी डिस्क मरण्याचा धोका याच काळात असतो. म्हणून कित्येक टेराबाइटच्या डिस्क असतील तर रेड ५ वर राहू नये. दोन डिस्कचे मरण सोसणारे रेड ६ घ्यावे, थोडी जागा गेली तरी.

पॉवर सप्लाय बदलणे त्या मानाने पोरखेळ. दोन असतात, एक गेला तरी दुसरा भार उचलतो. दुसऱ्याचा दिवा हिरवा आहे ना हे पाहून बिघडलेल्याची वायर काढा, नारिंगी खटका दाबा, बाहेर ओढा. नवा त्याच वॅटचा आणि त्याच प्रकारचा हवा. दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसला जोडलेल्या असतील तर दोन पॉवर सप्लाय घेण्याचा अर्धा फायदा वाया गेला, हेही जाता जाता पाहून घ्या.

पंखाही चालू यंत्रात बदलतो, पण त्यासाठी झाकण उघडावे लागते आणि इथे घाई आवश्यक आहे. सर्व्हरमधली हवा पुढून आत येते, डिस्क, पंखे, प्रोसेसर असा प्रवास करून मागून बाहेर जाते. झाकण हा त्या बोगद्याचा छतभाग आहे. ते उघडे असताना हवा वरून निसटते आणि मागचे भाग तापू लागतात. नवा पंखा पाकिटातून काढून तयार ठेवा, मगच झाकण उघडा. काही मिनिटांत ते परत बसलेच पाहिजे. रिकाम्या खणांत प्लॅस्टिकच्या डमी असतात, त्याही याच कारणासाठी. ‘निरुपयोगी’ म्हणून त्या फेकल्या जातात आणि नंतर पंखे का बोंबलतात हे कोणाला कळत नाही.

आता वीज तोडून करायची कामे. ऑपरेटिंग सिस्टिममधून यंत्र रीतसर बंद करा. मागच्या वायरी काढा, दोन्ही. एक काढून दुसरी विसरली, तर यंत्र बंद दिसत असूनही मदरबोर्डवर वीज राहते. आयड्रॅक त्याच विजेवर चालतो. दोन्ही निघाल्यावर पुढचे पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला प्रभारही ओसरतो. मागच्या नेटवर्क केबलींचा फोटो काढून त्यांना चिठ्ठ्या लावा. नंतर कोणती कुठली हे आठवत नाही, कितीही खात्री असली तरी.

सर्व्हर रेलवरून फडताळाच्या खणासारखा पुढे सरकतो आणि पुष्कळदा रॅकमध्येच काम उरकता येते. एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढावा. दोन ओढले तर अख्खा रॅक पुढे कलंडू शकतो. टेबलावर न्यायचा असेल तर दोघांनी उचलावा. डिस्क भरलेला २ यू सर्व्हर पंचवीस किलोच्या आसपास असतो आणि त्याला धरायला नीट जागा नसते.

आता स्थिर विजेबद्दल थोडे विस्ताराने, कारण याबाबत दोन टोके दिसतात. काही जण तिला मानतच नाहीत, काही जण हातात पट्टा घातला म्हणजे झाले समजतात. कोरड्या हवेत टेरिकॉटची पँट खुर्चीवर घासली, की अंगावर काही हजार व्होल्ट सहज साचतात. ठिणगी माणसाला जाणवते ती सुमारे ३,००० व्होल्टच्या पुढे. चिपला त्याहून फार कमी पुरते. काही नाजूक भागांना शंभर व्होल्टही बाधतात. म्हणजे तुम्हाला काही जाणवले नाही तरी रॅम गेलेली असू शकते. त्याहून वाईट म्हणजे ती अर्धवट दुखावून चार महिन्यांनी दगा देऊ शकते, आणि तेव्हा दोष कोणाचा हे कोणाला कळत नाही. कोकणात पावसाळ्यात हा त्रास कमी. विदर्भ-मराठवाड्यातला कोरडा हिवाळा आणि सतत एसी चालणाऱ्या खोल्या यांत तो जास्त.

मनगटी पट्ट्याचे काम तुम्ही, सर्व्हरचा सांगाडा आणि नवा भाग या तिघांना एकाच विद्युतपातळीवर आणणे हे आहे. फरक नसला की ठिणगी नाही. पट्ट्याचा चिमटा सांगाड्याच्या रंग न दिलेल्या, उघड्या धातूला लावा. रंगावर लावलेला चिमटा नुसती शोभा. पट्ट्यात १ मेगाओहमचा रोधक असतो, चुकून कुठे वीज लागली तर ती तुमच्यातून जोरात वाहू नये म्हणून. त्यामुळे पट्ट्याऐवजी साधी तांब्याची तार बांधण्याची हुशारी करू नये. पट्टा नसेलच तर आतल्या कशालाही हात लावण्याआधी सांगाड्याचा उघडा धातू स्पर्शा, काम करतानाही अधूनमधून स्पर्शत राहा आणि स्वेटर काढून ठेवा. नवा भाग त्याच्या पिशवीतच सांगाड्यावर टेकवा, मग पिशवी उघडा. भाग कडांना धरा. सोनेरी टोकांना बोटे लावू नका.

दमट भागातल्यांसाठी वेगळा इशारा आहे. थंडगार सर्व्हर खोलीतून यंत्र थेट बाहेरच्या दमट व्हरांड्यात आणले, तर आतल्या धातूवर दव धरते. यंत्र बाहेरच्या तापमानाला आल्यावर आणि कोरडे झाल्यावरच उघडा, आणि तोवर वीज जोडू नका.

रॅम. झाकण काढले की प्रोसेसरवर काळे प्लॅस्टिकचे आच्छादन दिसते. तेही हवेची दिशा सांभाळण्यासाठीच. ते उचलले की खाचा दिसतात: पहिल्या प्रोसेसरच्या ए१ ते ए१२, दुसऱ्याच्या बी१ ते बी१२. प्रत्येक प्रोसेसरला सहा चॅनेल, प्रत्येक चॅनेलला दोन खाचा. पांढऱ्या खटक्यांच्या खाचा आधी भरायच्या, काळ्यांच्या नंतर. दोन्ही प्रोसेसरना सारखी रॅम दिली तर उत्तम.

सर्व्हरची रॅम ईसीसी असते. दर ६४ बिटांमागे ती जास्तीचे ८ बिट ठेवते आणि त्यांच्या जोरावर एका बिटाची चूक स्वतःच सुधारते. नोंदीत ‘सुधारलेल्या चुका’ वाढल्याचा इशारा येतो तो यामुळे. लगेच नवी रॅम मागवण्याआधी एक चाचणी करा: ए३ मधली पट्टी आणि ए४ मधली पट्टी यांची अदलाबदल करून काही दिवस चालवा. इशारा आता ए४ चा आला तर पट्टी वाईट. ए३ चाच आला तर खाच किंवा प्रोसेसर पाहावा लागेल, आणि नवी रॅम विकत घेऊन काही हाती लागणार नाही. या एका चाचणीने बरेच पैसे वाचतात.

बसवताना दोन्ही टोकांचे खटके उघडा, पट्टीची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवा, अंगठ्यांनी दोन्ही टोके सरळ खाली दाबा. खटके आपोआप मिटले पाहिजेत. बोटाने मिटवावे लागत असतील तर पट्टी पुरती बसलेली नाही. आरडिम आणि एलआरडिम एकाच यंत्रात मिसळत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ टोके असली तरी खाच वेगळ्या जागी आहे. जोर लावून फक्त सॉकेट तुटेल.

प्रोसेसर क्वचितच बिघडतो, आणि खरेच गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका असे माझे मत आहे. आर७४० च्या सॉकेटमध्ये ३,६४७ केसाएवढ्या पिना असतात. प्रोसेसर खाली पडला किंवा तिरका टेकला की त्या वाकतात आणि मदरबोर्डच बदलावा लागतो. हीटसिंक आणि प्रोसेसर एकत्रच वर येतात. टी३० टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर वापरा, हीटसिंकच्या लेबलवरच्या क्रमानेच स्क्रू सोडवा आणि आवळा. जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पूर्ण पुसून नवी लावा.

रेड कार्ड बदलले तर नवे कार्ड जुन्या डिस्कना ‘परक्या’ म्हणून ओळखते. मेनूत दोन पर्याय येतात: आयात करा किंवा पुसून टाका. आयात निवडायचे. रेडची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते, त्यामुळे सगळे जसेच्या तसे परत येते. पुसले तर ती मांडणी जाते. मदरबोर्ड बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी हवी, कारण टीपीएम चिप बदलली की विंडोज ती मागतेच.

बॅटरी म्हणजे साधी सीआर२०३२, गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे मिळणारी ३ व्होल्टची. ती संपली की घड्याळ भलतीकडे जाते. विंडोजच्या डोमेनमध्ये घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनच नाकारले जाते. ‘पासवर्ड चालत नाही’ अशी ओरड अख्ख्या कार्यालयात होते आणि मूळ एका बॅटरीत निघते. ती काढताना धातूची पिन न घालता प्लॅस्टिकची काडी वापरा.

सगळे जोडून यंत्र सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहिला तर घाबरू नका. नव्या रॅमची जुळवणी चालू असते. मध्येच वीज तोडणे चांगले नाही. ‘झाकण उघडले गेले’ अशी नोंदही दिसेल. आतले बटणच ती करते. एका वेळी एकच भाग बदलावा, हे शेवटी सांगतो. रॅम, पंखा आणि बॅटरी एकदमच बदलले आणि सर्व्हर उठला नाही, तर दोष कशात हे शोधायला पुन्हा तिन्ही काढावे लागतात.

काढलेल्या डिस्कचे काय करायचे हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. ‘बिघडलेली’ डिस्क अनेकदा वाचता येते आणि तिच्यावर ग्राहकांची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची माहिती असते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचा असतो. केंद्राकडे देईपर्यंत ती डिस्क सिरियल नंबर लिहून कुलुपात ठेवा, देण्याआधी पुसून किंवा भोके पाडून निकामी करा, आणि भंगारवाल्याच्या हातात देऊ नका.